सत्तावीस नंबरची जर्सी

मी एक जुनी जर्सी आहे, मित्रांनो, आणि अस्सल लोकरीची आहे. हल्लीच्या झुळझुळीत कापडाची सवय असलेल्यांना माझं अंग टोचेल. रंग गर्द तांबडा, पाठीवर पांढरा सत्तावीस. आयोवातल्या वेलबर्न कॉलेजात, व्यायामशाळेबाहेरच्या काचेच्या कपाटात माझा मुक्काम असतो. कपाटाला कुलूप आहे. मला चोरायला कोण येणार? पण मान मिळाला की कुलूपही येतंच.

माझा जन्म एकोणचाळीस सालचा. पहिल्यांदा मला अंगात घातलं ते एमेट लिंडक्विस्टने. खेळ अमेरिकी फुटबॉलचा, आणि चेंडू काखेत मारून पळण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. घाम, चिखल, ओरखडे, सगळं आम्ही वाटून घेतलं. त्याची आई हिल्डा कॉलेजच्या धुलाईघरात कामाला होती. संघाचे कपडे दर सोमवारी तिच्याकडे जायचे. मला ती सगळ्यांत शेवटी, कोमट पाण्यात, हाताने धुवायची. मग युद्ध आलं. एमेट फ्रान्सला गेला आणि तिथल्याच मातीत राहिला.

मला पेटीत घातलं. चार वर्षं सोबतीला फक्त डांबरगोळ्या. एकटेपणा म्हणजे काय ते मला विचारा!

सेहेचाळीसच्या शरदात लढाईवरून परतलेली पोरं कॉलेजात भरली. पोरं कसली, चांगले बाप्ये. कुणाला मिशा, कुणाला बायको. त्या दिवसांत कपड्यांचा तुटवडा होता. सामानखोलीतल्या म्हाताऱ्या ओटिसने जुन्या पेट्या उपसल्या, आणि मी रेमंड कोझॅकच्या हातात पडले. हा पेनसिल्व्हेनियातल्या एका खाणकामगाराचा मुलगा, तीन वर्षं नौदलात काढलेला. गावात अगदी नवा. एमेट कोण, हे त्याच्या गावीही नव्हतं.

पहिल्या शनिवारी तो मला घालून मैदानात उतरला आणि प्रेक्षक एकमेकांना त्याची पाठ दाखवू लागले. सामना संपल्यावर कप्तान त्याच्या अंगावर धावून आला.

"कोझॅक, उतरव ती. मेलेल्या माणसाची आहे ती."

"मग उघडा खेळू का? ओटिसने दिली, मी घातली," रेमंड म्हणाला. पण चेहरा पडला होता बिचाऱ्याचा.

सोमवारी कपड्यांच्या ढिगातून हिल्डाने मला उचललं. ती स्टुलावर बसली आणि मला मांडीवर घेऊन बराच वेळ तशीच राहिली. मग मला धुतलं, वाळवलं, आणि स्वतः रेमंडकडे घेऊन गेली.

"तुझी मान जाड आहे. गळा सैल केलाय. शनिवारी हीच घाल."

"मिसेस लिंडक्विस्ट, मला खरंच माहीत नव्हतं. मी नाही घालणार."

"घाल म्हणते ना. आणि जरा सांभाळून पडत जा. रफू करून माझे डोळे जातील."

पुढच्या सहा सामन्यांपैकी पाच आम्ही जिंकले. घरच्या मैदानावर सामना असला की हिल्डा सगळ्यांत वरच्या ओळीत येऊन बसायची. हारजितीशी तिला कर्तव्य नव्हतं. सत्तावीस आकडा पळायला लागला की ती उठून उभी राहायची, थांबला की बसायची. इतकी सुखात मी पूर्वी कधीच नव्हते, एमेटच्या वेळीही नाही.

मग माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाला कळवळा आला. जुने विद्यार्थी गावी परततात त्या मोठ्या शनिवारी, मध्यंतरात, माझा सत्कार करायचा असं ठरलं. यापुढे हा आकडा कुणी घालायचा नाही, तो एमेटचाच. मनं सगळ्यांची चांगली होती, हो. फक्त हिल्डाला कुणी विचारलं नाही. दुःखी माणसाच्या घरी गरम जेवण नेऊन द्यायचं, आणि त्याच्या दुःखाचं काय करायचं ते मात्र आपणच ठरवायचं, अशी आमच्याकडची रीत.

रेमंडने भर मैदानात मला उतरवलं आणि हिल्डाच्या हातात दिलं. तिच्या कोटावर कुणीतरी शेवंतीचं मोठं फूल लावलं. माणसं टोप्या काढून उभी राहिली. तिची बोटं माझ्या बाहीत रुतली होती. बोल बाई, मी मनात म्हणत होते, आता तरी बोल.

"आभारी आहे," ती म्हणाली. "तुम्ही फार त्रास घेतलात."

मंडळाच्या अध्यक्षांनी मला तिच्या हातातून अलगद काढून घेतलं. उरलेला सामना रेमंड एक्केचाळीस नंबर घालून खेळला. आम्ही जिंकलो म्हणे. हिल्डा शेवटपर्यंत थांबली नव्हती.

सुरुवातीला कपाटापाशी बरेच लोक यायचे. हिवाळा लागला आणि तेही बंद झालं. मार्चमधल्या एका दुपारी वर्गातून परतताना रेमंडला हिल्डा माझ्यासमोर उभी दिसली.

"तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?" त्याने विचारलं.

"इतकी माणसं टोप्या काढून उभी होती. त्यांना तोंडावर नाही म्हणू?" मग ती हळूच म्हणाली, "तो तू आहेस हे मला कळत होतं रे. पण पाठमोरा पळायला लागलास की क्षणभर..."

रेमंडने पुस्तकं खाली ठेवली. काखेत चेंडू असल्यासारखा हात दुमडला, मान खाली घातली, आणि त्या लांबलचक ओसाड व्हरांड्यात तो जीव तोडून पळाला, पार टोकापर्यंत. हिल्डा बघत होती. मीही बघत होते. तो धापा टाकत परत आला.

"दिसला?"

तिने त्याची कॉलर नीट केली.

"नाही, पोरा. तूच दिसलास."

मित्रांनो, आपल्या माणसांच्या वस्तू जपा, जरूर जपा. पण कुलूप लावण्याआधी, ज्याच्यासाठी जपता त्याला एकदा विचारा. तो भिडेपोटी हो म्हणाला, तर पुन्हा विचारा. माझं इथे सगळं चोख आहे. मला धूळ लागत नाही, आणि कुणाचा हातही लागत नाही.