खुर्चीखालची पट्टी

लॉर्ना आल्यापासून तिसऱ्यांदा ओटा पुसत होती. ओटा स्वच्छच होता. टेबलाशी बसलेली तिची ऐंशी पार केलेली आई, आर्डिस, लेकीची ही घालमेल बघत होती.

"अगं, भोक पाडशील त्याला! बस की. कॉफी घे."

बसून कसं चालेल? गेल्या महिन्यात आर्डिस तळघराच्या जिन्यावर घसरली आणि पाच तास तिथेच पडून राहिली. आता चर्चजवळच्या वृद्धनिवासात एक खोली रिकामी झाली होती. सोमवारपर्यंत कळवायचं, नाहीतर गेली ती. पण मिनेसोटातली माणसं! बर्फ, रस्ते, शेजाऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं चघळून झाल्याशिवाय मुद्द्यावर येतील तर शपथ. लॉर्नाचाही तास त्यातच गेला.

"आई, हे घर आता तुला झेपत नाही गं," शेवटी ती एकदाची बोलली.

"मग, मला कळत नाही होय?" आर्डिसने रूबार्बच्या आंबटगोड देठांच्या वड्यांची बशी पुढे सरकवली. "पट्ट्यासुद्धा लावून झाल्यात माझ्या."

गावातल्या सगळ्याच म्हाताऱ्या हे करत. कुठली वस्तू कुणाची, ते चिकटपट्टीवर लिहून तिच्या बुडाला डकवायचं. मागाहून भांडणं नकोत.

लॉर्नाचा जीव भांड्यात पडला. उगाच घाबरलो आपण! तिने भिंतीवरचं घड्याळ उलटं करून पाहिलं. 'कर्टिस', तिचा भाऊ. मग आईची आरामखुर्ची कलती केली.

'आर्डिस. लॉर्नाकडे, मागची खोली.'

"'माझ्याकडे राहायला ये' म्हणायला तू लाजशील, म्हणून मीच लिहून टाकलं," आई म्हणाली. "झालं ना मनासारखं?"

लॉर्नाकडे सबबी होत्या: हॉस्पिटलमधल्या नोकरीच्या पाळ्या, दिवसभर बंद घर. पण खरं सांगायचं तर आई घरात तिला नकोच होती, आणि त्याची तिला लाज वाटत होती. ती खिडकीपाशी गेली, परत आली, पुन्हा फडकं उचललं.

"आई... माझ्याकडे नाही. चर्चजवळ खोली मिळतेय. मी रोज येईन."

"ठेव ते फडकं," आर्डिस म्हणाली.

ती हळूच उठली, खुर्चीशी वाकली आणि पट्टी मधोमध फाडली. 'आर्डिस' तिथेच ठेवलं. 'लॉर्नाकडे'चा उरलेला तुकडा नखाने सोलून काढला आणि वड्यांच्या बशीच्या बुडाला डकवला.

"घे," ती म्हणाली. "एवढी बशी तरी घेऊन जा."