एव्हारिस्तोकाका सालिनासांच्या टेबलावर

रविवारी चर्च सुटलं की सॅन अँटोनिओच्या दक्षिणेकडची अर्धी वस्ती आमच्या रेस्टॉरंटात जेवायला येते. मी तिथे वाढपी आहे. त्या दिवशी एव्हारिस्तोकाका एकटेच आत आले. ओर्तेन्सियाकाकू ट्रक लावायला जागा शोधत होत्या. काका कोपऱ्यातल्या आपल्या नेहमीच्या टेबलाकडे निघाले, तोच सालिनास कुटुंबातल्या आजींनी त्यांचा हात धरला.

"आलास एकदाचा, बाल्दोमेरो. बस."

"अहो, मी बाल्दोमेरो नाही."

"लहानपणीही असाच खोटं बोलायचास," म्हणत आजींनी साल्साची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. तेवढ्यात मी चरचरतं मांस घेऊन पोचले. काका खुर्ची ओढून बसले.

आजींच्या दोन मुलांत बापाच्या अकॉर्डियनवरून जुनं भांडण होतं. धाकट्याने विचारलं, "तुम्हीच सांगा मामा, ते कुणाला मिळावं?"

काकांचं तोंड भरलेलं होतं. घास गिळून ते म्हणाले, "ज्याला वाजवता येत नाही त्याला. घर शांत राहील."

वाजवता दोघांनाही येत नव्हतं. दोघे एकमेकांकडे बघून आधी हसले, मग रडले.

इतक्यात आजींचा भाऊ, खरा बाल्दोमेरो, लारेडोहून घामाघूम होऊन आला. आजींनी दोघांना नीट न्याहाळलं.

"तू दमला असशील. तिकडे बस," त्यांनी खऱ्याला कोपरा दाखवला. "इथं आता जागा नाही."

तो बिचारा गेला. काकांच्या नेहमीच्या एन्चिलाडा तयार होत्या, त्या मी त्यालाच वाढल्या. मग काकू आल्या, त्याच्यासमोर बसल्या आणि पार्किंगवाल्याच्या नावाने सुरू झाल्या.

"बरोबर आहे तुमचं," बाल्दोमेरो म्हणाला.

मी कानाशी वाकले. "काकू, हे आपले काका नाहीत."

"दिसतंय गं मला. पण ऐकून घेतोय ना? मला पुरतं बोलू दे."

जेवणं आटोपल्यावर नवराबायको दारात भेटले.

"जेवलास?" काकूंनी विचारलं.

"पोटभर. शनिवारी लारेडोला जायचंय. नातीचा बाप्तिस्मा आहे."

"कुणाच्या नातीचा?"

"आपल्या," काका बाल्दोमेरोच्या थाटात म्हणाले.

"मग रिकाम्या हाताने कसं जायचं?" काकू म्हणाल्या आणि बाळाच्या अंगाचं माप विचारायला आजींकडे गेल्या.