बायाक्काचं बेणं

"पेला हलवू नका कुणी," मारुतीराव म्हणाले.

मल्लाप्पाच्या सोप्यातल्या कट्ट्यावर काचेचा पेला होता आणि त्यात नितळ पाणी. मारुतीरावांनी बटाट्याच्या सुकलेल्या झाडाचा बोटभर देठ चाकूनं कापला आणि कापलेलं टोक पाण्यात बुडेल असा धरला. आम्ही आठ-दहाजण वाकून बघत होतो. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग देठाच्या टोकातून एक पांढरा धागा सुटला आणि पाण्यात सरळ खाली उतरत गेला.

"आगंबाई, दूध आलं की!" जयाबाई म्हणाली.

"दूध न्हवं, जयाबाई. जंतू हायत. त्या धाग्यात लाखांनी असतील."

"मला तर एक बी दिसंना."

"दिसत न्हाईत म्हणूनच तीन वरसं तुम्ही दिष्ट काढत बसलाय."

सगळे हसले. मल्लाप्पा हसला नाही. त्याचा दोन एकराचा बटाटा माळावर मान टाकून पडला होता.

१९३४ सालचा श्रावण होता. मी सतरा वर्षांची, बेळगावात मास्तरीण होण्याचं शिक्षण घेत होते आणि सुट्टीला उचगावला आले होते. मारुतीराव शेतकी खात्याचे कामदार. बेळगावहून सायकलवर यायचे, धोतराला चिमटा लावून. बोलायला आमच्यातलेच.

रोग तसा गावाला नवा नव्हता. सकाळी झाड हिरवंगार असे, दुपारी पानं लोंबत, आणि चार दिवसांत पान पिवळं न पडताच झाड मरे. बटाटा कापला की आत सालीजवळ तपकिरी कडं दिसे. त्याला सगळे बांगडी म्हणत. पण तीन वर्षांत ती दोन शेतांतून पंधरा-सोळा शेतांत गेली होती.

"बेणं कुठलं आणलंतासा?" मारुतीरावांनी विचारलं.

"बेळगावच्या पेठेतलं. समद्या गावानं एकाच दुकानातनं उचललं," मल्लाप्पा म्हणाला. "आणि ह्यो नागोजी माझ्या बांधाला बांध. त्याचं बी तेच बेणं. त्याचं एक झाड मेलं न्हाय. मग दिष्ट न्हाय तर काय म्हणायचं?"

मारुतीराव त्याच्याकडे वळले. "बेणं कापलं कुणी?"

 माझी आई मागं खांबाला टेकून उभी होती.

आमच्याकडे बटाट्याचं बेणं बायका कापत. प्रत्येक फोडीला दोन डोळे राहतील असं बघायचं, फोड राखेत घोळायची आणि सुपात टाकायची. पण पोतं सोडल्यावर पहिली फोड आईनं कापल्याशिवाय कोणी हात लावत नसे. तिच्या हाताला यश आहे, असं गावानं कधीतरी ठरवलं होतं. ज्याच्याकडे बेणं असेल तो आदल्या दिवशी घरी येऊन सांगून जाई. सकाळी आई न्हाऊन, जुन्या लुगड्याच्या धडप्यात आपली विळी गुंडाळून निघे. पहिली फोड कापून परत येणं तिच्या स्वभावात नव्हतं. एकदा बसली की पोतं संपेपर्यंत ती उठत नसे. मग दुसरं घर, मग तिसरं. मृगाच्या त्या आठ-दहा दिवसांत ती आमच्या वाट्याला येतच नसे. वडील म्हणत, "बायकू गावाची, भाकरी तेवढी माझी."

नागोजीशी मात्र आमचा अबोला होता. बांधावरच्या फणसावरून सुरू झालेला, आणि तीन वर्षं चाललेला. त्याच्याकडे त्याची बायको बेणं कापी.

मारुतीरावांच्या प्रश्नाचं उत्तर मला आधी कळलं. मी मनातल्या मनात घरं मोजली. जिथं जिथं आई गेली होती, तिथं तिथं झाडं मेली होती. 

"नागोजीअण्णाचं शेत चढावर हाय," मी म्हणाले. "त्येंच्यात पाणी थांबत न्हाय."

"ते बी असंल," मारुतीराव म्हणाले. शिकलेल्या मुलीच्या बोलण्याला त्यांनी मान दिला. मल्लाप्पानंही मान हलवली. गोष्ट तिथं मिटत होती.

"रुकमे, गप ऱ्हा," आई मागून म्हणाली. ती पुढं आली. "मारुतीराव, एका बटाट्याचं दुसऱ्याला इळीनं लागतंय व्हय?"

"लागतं. बांगडीचा एक कापला, की त्याच पात्यानं फुडचे पंधरा-वीस नासतात. वरनं कळत न्हाय. मातीत गेल्यावर कळतं."

"आणि राखंनं?"

"राखंनं फोड सुकते. पातं साफ होत न्हाय."

आईनं पदर सारखा केला. "तीन वरसं सोळा घरचं बेणं मी कापलंय. इळी एकच. ती माझी."

पेल्यातलं पाणी एव्हाना गढूळ झालं होतं.

"काय बाई बोलतीयास!" जयाबाई म्हणाली. "तुज्या हाताला यश हाय म्हणून तर आम्ही बलवतो."

"यश न्हवतं त्ये. रोग हुता."

"बायाक्का, उगंच आपलं नाव कशाला घेतीस?" मल्लाप्पा वैतागून म्हणाला. "कुणाची तरी दिष्टच हाय ही. सरकारी माणूस आज येतोय, उद्या जातोय."

"मी हितंच हाय की अजून," मारुतीराव म्हणाले.

 घरी आल्यावर दारात पाय धुताना आई म्हणाली, "खोटं बोललीस तू."

"खोटं न्हवतं, आये. शेत चढावरच हाय त्येंचं."

"व्हय. म्हणूनच लई वाईट."

त्याच आठवड्यात ती सोळाही घरी जाऊन आली. प्रत्येक दारात तेच सांगितलं: माझ्या विळीनं तुमच्या शेतात रोग नेला, आता तीन वर्षं तिथं बटाटा लावू नका. कोणी गूळपाणी दिलं, कोणी हसण्यावारी नेलं. गुंडूच्या बायकोनं तोंड फिरवलं आणि जातं ओढत राहिली. ती एकटीच आईवर रागावली, आणि आईला, मला वाटतं, तेवढंच एक घर खरं वाटलं. सगळ्यात शेवटी ती नागोजीच्या दारात गेली. तिथं तिला सांगण्यासारखं काही नव्हतं. "तुमचं वाचलं, बरं झालं," एवढं बोलून आली. अबोला तिथंच संपला.

मारुतीराव पुढेही येत राहिले. एकदा आमच्या परड्यात बसून त्यांनी मूठभर माती उचलली आणि आईला म्हणाले, "ह्या मुठीत जेवढं जीव हायत, तेवढी माणसं आख्ख्या बेळगावात न्हाईत. बहुतेक आपलेच. श्याणखत खात्यात, कुजवत्यात, मुळांना सांभाळून घेत्यात. ह्यो एकच चोर. बटाटा, मिरची, वांगं, तंबाखू मिळतंय तवर त्याची चैन. नाचना लावला, खत घातलं, की त्याला खायला न्हाय, आणि बाकीचं त्याला टेकायला जागा देत न्हाईत."

"म्हंजे गावासारखंच की," आई म्हणाली.

पुढे मी हे पुस्तकांत वाचलं. तिथले शब्द मोठे होते, पण अर्थ याहून फार लांबचा नव्हता. आईनं दुसऱ्या दिवशी परड्यातली मिरची आणि वांगी, फुलावर आलेली, मुळासकट उपटून जाळली. त्या वर्षी आम्ही भाकरीबरोबरच्या कोरड्यासाला मिरची विकत आणली.

पुढच्या मृगाच्या तोंडावर मल्लाप्पा आला. हातात नारळ होता.

"बेणं आणलंय. उद्या येतीस न्हवं?"

"त्या शेताला बटाटा दावू नगंस म्हणून सांगितलंतं की रं."

"मग काय दावू? माझं त्वांड?"

"त्येबी नगं, बुजगावणं वाटंल," आई म्हणाली. मल्लाप्पाला हसू आलं, आणि हसल्यामुळे तो बसला. आईनं त्याच्यापुढं चहा ठेवला. "माझा हात पायजे न्हवं तुला? मग नाचण्याची पयली मूठ मी टाकते. बेण्याला म्या हात लावायची न्हाय."

"नाचण्याला कोण हात बघतंय?"

"आजपातूर कुणी बघितला न्हाय. तू बघ."

मल्लाप्पा बराच वेळ नारळ हातात फिरवत बसला. नारळ परत नेता येत नव्हता, आणि तिला नाही म्हणवत नव्हतं. शेवटी त्यानं तो तिच्यापुढं ठेवला. बेण्याचं पोतं त्यानं पेठेत परत दिलं. मल्लाप्पाच्या शेतात बायाक्कानं नाचणा पेरला, हे दुपारपर्यंत गावभर झालं. संध्याकाळी परशराम विचारायला आला. त्या वर्षी नऊ शेतं नाचण्याखाली आली, पुढच्या वर्षी आणखी पाच. रोगाची गोष्ट त्यांना पटली होती असं मला वाटत नाही. हाताची पटली होती. आईला ते माहीत होतं. आपल्याकडे नसलेलं यश ती मूठमूठ टाकत राहिली, आणि एकदाही त्याला यश म्हणाली नाही.

आई गेली ती या सगळ्याला कितीतरी वर्षं झाल्यावर, गेल्या माघात. माणसं भेटायला आली तेव्हा तिच्या हाताबद्दलच बोलत होती. मी ऐकून घेतलं.

नाचण्याखाली शेवटी आलेल्या शेतांनाही तीन वर्षं झाल्यावर, १९३९ साली, गावानं पुन्हा बटाटा लावायचं ठरवलं. मारुतीरावांनी शेताशेतातून फिरून माती पाहिली आणि एकच अट घातली. बेणं कापायचंच नाही. सुपारीएवढा, अंड्याएवढा बारका बटाटा निवडून आणायचा आणि अख्खा लावायचा. पातंच नाही, तर लागायचं कशानं?

"हेच बरं," आई त्यांना म्हणाली. "माझ्या ध्येनात कसं आलं न्हाय?"

मी तेव्हा हिंडलग्याच्या शाळेत नोकरीला होते. लावणीच्या दिवशी सकाळी घरीच होते. आई नेहमीसारखी लवकर उठली, न्हाली, धुतलेलं लुगडं नेसली. चूल पेटवली. मग उंबऱ्यात येऊन उभी राहिली. आदल्या दिवशी कोणी सांगायला आलं नव्हतं. कोणी यायचं कारणच नव्हतं. गल्लीच्या वरच्या अंगाला गाड्या जुंपल्याचा आवाज येऊ लागला.

तिनं घागर घेतली आणि विहिरीवर गेली. घरात पाणी होतं. मी मागून गेले.

परतताना ती माळाकडच्या वळणावर भिंतीशी थांबली. पहिली गाडी परशरामाची. भरल्या घागरीचा शकुन समोर बघून त्यानं बैलांचा वेग कमी केला, कपाळाला हात लावला आणि पुढं गेला. मग गुंडूची गाडी. बेण्याच्या पोत्यावर त्याची बायको बसली होती. तिनं आईकडे बघितलं, या वेळी तोंड फिरवलं नाही.

"बायाक्का, जातो गं," मल्लाप्पा गाडीवरून म्हणाला.

"जा, जा. ऊन चढतंय."

"आये, घागर खाली ठेव की," मी म्हणाले. "लई गाड्या हायत अजून."

 तिचा एक हात घागरीला, एक कमरेवर. पंधरा गाड्या होत्या. शेवटची नागोजीची, ती वळून माळाला लागेपर्यंत आई तशीच उभी होती, आणि घागरीतलं पाणी जरासुद्धा हललं नव्हतं.