बिनटोपीचा कोट

"हाऊ कोट बोलस," असं म्हणून आमच्या यांनी तो अंगातून काढला आणि काउंटरवर ठेवला.

फारुखभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. चाळीसगावच्या त्या दुकानात सकाळपासून हा सहावा कोट होता.

"बोलतो म्हणजे, नाना?"

"हात हालवा का खसखस करस. मंग दुसरं काही आयकू येत नही."

"आपण कोट लेवाले उनूत का रेडिओ?" मी म्हणाले. दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. यांना त्याचं काहीच नाही. सातवा कोट अंगात चढवला, डोळे मिटले, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली आणि देवळात उभं राहावं तसे उभे राहिले. कोट कोण असा घेतं हो? माणूस आरशात बघतो, खिसे चाचपतो. आमचे हे आरशाकडे पाठ करून उभे!

गावात यांना अभिमन नाना म्हणतात. रेल्वेत चौतीस वर्षं चावीवाले होते. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा घ्यायचा, रुळांच्या कडेने सहा किलोमीटर जायचं, रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी कुठे ढिली दिसली की ठोकायची आणि परत यायचं. ऊन असो, थंडी असो, रोजचं. निवृत्त झाले तेव्हा मी म्हटलं, सुटलात एकदाचे. कसले सुटतात! पहाटे चारला उठायचे आणि खाटेवर बसून राहायचे. जेवण नाही, बोलणं नाही. दोन महिन्यांत निम्मे झाले. मग एक दिवस बाजारातून येताना कुत्रीचं एक मरतुकडं पिल्लू यांच्या मागे लागलं. मी दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा ते यांच्या चपलेवरच झोपलं. स्वतःभोवती गरागरा फिरायचं म्हणून नाव पडलं भिंगरी. तिला फिरवायला म्हणून हे पहाटे पाचला निघायला लागले, कालव्यापर्यंत जायचं आणि परत. भूक लागायला लागली. माझ्याशी भांडायलाही लागले. त्या कुत्रीला मी तोंडाने शिव्या देते, पण माझं घर तिने सावरलं हे मला ठाऊक आहे.

आणि तीच आता जायची पाळी आली होती. गेल्या पौषात अवकाळी पाऊस झाला. तीन दिवस हे भिजत तिला फिरवत राहिले, अंगावर साधा स्वेटर. न्यूमोनिया झाला. धुळ्याच्या दवाखान्यात अकरा दिवस होतो आम्ही. डॉक्टर म्हणाले, यापुढे गार वारा आणि ओल, दोन्ही अंगाला लागता कामा नये. आमचा स्वप्नील पुण्याला असतो. त्याने या डिसेंबरात फोनवर स्पष्ट सांगून टाकलं, "आई, शनिवारी मी गाडी घेऊन येतोय. तोपर्यंत बाबांनी पाणी न शिरणारा, उबदार, डोकं आणि कान झाकणारा कोट घेऊन तो वापरायला सुरुवात केली नसेल, तर भिंगरीला धरणगावला सोडून येईन. मित्राचं शेत आहे, मजेत राहील."

ती राहील हो मजेत. हे पुन्हा खाटेवर बसतील त्याचं काय? पण पोराला तरी कोणत्या तोंडाने चुकीचं म्हणू? अकरा दिवस त्यानेही त्या दवाखान्याच्या बाकावर काढले होते.

म्हणून सोमवारपासून माझ्या पायाला भिंगरी लागली होती. खरी भिंगरी घरात, दुसरी माझ्या पायात. सोमवारी धुळ्याला तपासणीला गेलो तेव्हा तिथला बाजार पालथा घातला. मंगळवारी जळगावला, हिवाळ्यात स्वेटरवाले रस्त्याकडेला बसतात तिथे. जो कोट गरम असेल तो पाणी पितो. जो पाणी पीत नाही त्यात कुडकुडायला होतं. दोन्ही जमलेला सापडला की त्याला मागे टोपी शिवलेली, आणि टोपी दिसली की यांचा चेहरा पडलाच. "हाई नको." का नको? हे पुढच्या कोटाकडे वळायचे. मी कपाळावर हात मारून घेतला. जळगावच्या स्वेटरवाल्या बाईने मला पाणी दिलं, म्हणाली, बसा मावशी, माणसं अशीच असतात.

बुधवारी सकाळी फारुखभाईंकडचा सातवाही नापास झाला. आम्ही हात हलवत घरी आलो.

त्याच दुपारी पार्सल आलं. स्वप्नीलनेच पाठवलं होतं, आमच्यावर भरवसा नव्हता ना. मी उघडलं आणि खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आत कापूस भरल्यासारखं मऊ अस्तर, बाहेरून गुळगुळीत कापड. तांब्याभर पाणी ओतून पाहिलं, थेंब ओघळून खाली. हात हलवला तर चकार आवाज नाही. गळ्यापर्यंत चेन. आणि मागे मोठी, आतून लोकरीची टोपी.

यांनी कोट घातला. डोळे मिटून मान फिरवून पाहिली. "चांगला शे," म्हणाले. मी लगेच स्वप्नीलला फोन लावला, म्हटलं, जमलं रे बाबा. रात्री तीन दिवसांनी मला झोप लागली.

गुरुवारी पहाटे पाऊस सुरू झाला. हिवाळ्यातला, बारीक आणि बोचरा. हे नेहमीप्रमाणे पाचला गेले. मी निवांत चहा टाकला, म्हटलं पडू दे पाहिजे तेवढा. सहाला परतले तर केसांवरून पाणी गळतंय, मान ओली, सदरा पाठीपर्यंत भिजलेला. मी कोट हातात घेतला. मागची टोपी नव्हती. शिवणीपासून कापलेली, अगदी सरळ. कपाटामागे मला ती सापडली, कात्रीसकट.

"कसाले कापी?" मी ओरडलेच. भिंगरी खाटेखाली गेली. "सांगा ना, कसाले कापी? मन्हा जीव लेवाना शे का?"

हे टॉवेलने मान पुसत राहिले. आणि मग खोकले. एकदा, दोनदा. तो खोकला मी ओळखते. दवाखान्यात अकरा रात्री ऐकलाय मी तो. पोरगा शनिवारी येणार, खोकला ऐकणार, भिंगरीची साखळी सोडणार आणि गाडीत घालून नेणार. भांडायलासुद्धा जागा उरणार नव्हती.

दिवसभर मी घरात येरझाऱ्या घातल्या. काढा केला, छाती शेकली, पुन्हा काढा केला. संध्याकाळी खोकला जरा हटला, तशी मी कोट आणि टोपी पिशवीत घातली आणि म्हटलं, "चाला."

"कोठे?"

"ज्यानी कापी त्यानीच शिवाडी लेवानी."

फारुखभाई दुकानात एकटेच होते. विक्रीच्या बाजूला त्यांची शिलाईची मशीन असते. त्यांनी कोट उलटा केला, कापलेली कडा बोटाने चाचपली. "काय सुंदर माल आहे, अक्का. शिवतो, दिसणारही नाही." मग मशीनमध्ये दोरा ओवता ओवता, मान वर न करता, त्यांनी सहज विचारलं, "नाना, टोपी का कापली?"

मी गेले चार दिवस हेच विचारत होते. मला उत्तर मिळालं नव्हतं. त्यांना मिळालं.

"रुळावर कान झाकता येत नहीत, भाऊ."

"आता कुठे रूळ, नाना? कालव्याच्या रस्त्याला फिरता तुम्ही."

"पायले कोठे माहीत शे ते?"

फारुखभाई थांबले. हे मशीनकडे बघत होते. मग अगदी हळू, आमच्या घरातल्या बोलीत नाही, साहेबासमोर जबाब द्यावा तशा मराठीत बोलायला लागले.

"नवल नावाचा पोरगा होता आमच्या रुळांच्या गँगमध्ये. नवीन होता. बावीस वर्षं झाली. पौषातलं धुकं. त्याचा कान ठणकत होता, रडायच्या घाईला आला होता बिचारा. मी माझा मफलर काढला आणि त्याच्या कानाला बांधला. हनुवटीखाली गाठ मारली, सुटू नये म्हणून. गँगमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात, कान उघडे ठेवायचे. मला माहीत होतं. तरी बांधला, त्याचा कान दुखत होता म्हणून. नंतर एका लाइनीवरून मालगाडी आली. आम्ही बाजूला झालो. तो दुसऱ्या लाइनीवर झाला. तिच्यावरून मेल गाडी येत होती. मी ओरडलो. पुष्कळ ओरडलो."

मशीन बंद होती. बाहेर रस्त्यावर कोणी तरी स्कूटरला किक मारत होतं.

नवल रुळावर गेला हे मला माहीत होतं. त्याच्या आईला भेटायला मीही गेले होते. मफलरचं माहीत नव्हतं. आणि तो मफलर कोणता, ते मला स्टुलावर बसल्या बसल्या कळलं. राखाडी, दोन बोटं लाल पट्टी. मी विणला होता. त्या हिवाळ्यात हे घरी आले आणि म्हणाले, हरवला. मी आठ दिवस तोंड सोडलं होतं. डोळे फोडून विणलेली वस्तू तुम्हाला सांभाळता येत नाही, एवढी का जड झाली, काय काय बोलले मी. यांनी एका शब्दानं उत्तर दिलं नाही. बावीस वर्षं मला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तो माझ्या हातचा होता हेही सांगावं लागलं असतं. प्रत्येक थंडीत मी म्हणत आले, कान बांधा हो, कान बांधा. आणि हे ऐकून घेत आले.

मला रडू आलं. दुकानातच, पदर तोंडाला लावून. फारुखभाई उठून आत गेले आणि चहा आणायला बराच वेळ लागावा तसे आतच राहिले.

"रडू नको, स्वप्न्यानी माय," हे म्हणाले. "तुना काय गुन्हा?"

"आन् तुमना?" मी म्हटलं. "त्याना कान दुखत व्हता ना?"

फारुखभाईंनी टोपी शिवून दिली. खरंच, टाका दिसत नव्हता.

शुक्रवारी पाऊस थांबला नाही म्हणून मी यांना बाहेर सोडलं नाही. भिंगरीला अंगणातच मोकळं केलं. ती गोल गोल फिरून दाराशी येऊन बसली. हे दिवसभर खिडकीजवळच्या खाटेवर बसले. खाटेवरचं ते बसणं मी पुन्हा पाहिलं, एका दिवसात पाहिलं, आणि संध्याकाळी स्वप्नीलचा फोन आला तेव्हा माझं ठरलेलं होतं.

"उद्या दहापर्यंत पोचतो, आई. कोट वापरतायत ना?"

"तू ये रे. जेवायला वांग्याचं भरीत करते. पण भिंगरीसाठी दोरी आणू नको."

"आई, मी आधीच सांगितलंय..."

"मीही सांगतेय," म्हटलं आणि फोन ठेवला.

शनिवारी पहाटे हे उठायच्या आधी मी उठले. नऊवारीवर स्वप्नीलचा जुना रेनकोट चढवला, पायात रबरी चपला घातल्या. हे कोट घालून भिंगरीची साखळी शोधत होते. साखळी माझ्या हातात होती.

"तू कोठे?"

"तुमना संगे."

"इतल्या थंडीमा? गुडघा दुखस ना तुना?"

यांच्यासमोर उभी राहिले, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि मागची टोपी उचलून डोक्यावर चढवली. हे मागे सरकले. हात वर गेला, टोपी खाली ओढायला. मी तो हात धरला. खरखरीत, हातोड्याने घट्टे पडलेला हात.

"तुमी कान झाका," मी म्हणाले. "मी आयकस."

मग हात खाली आला. मी टोपीची नाडी बांधली, हनुवटीखाली, सैलसर.

बाहेर बारीक पाऊस होता. भिंगरी पुढे ओढत होती, हे मधे, मी दोन पावलं मागे. पहिल्या वळणापर्यंत यांनी दहा वेळा मान वळवून पाहिलं. माझा गुडघा ठणकत होता, आणि मी ऐकत होते. दुधवाल्याची सायकल, कोणाच्या तरी घरातला मिक्सर, पत्र्यावरचं पाणी. चौतीस वर्षं या माणसाने असं ऐकलं असेल रोज, मला कधी कळलं नव्हतं किती दमायला होतं ते.

कालव्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा स्टेशनाच्या बाजूने गाडीची शिट्टी झाली. टोपीतून अर्धवटच ऐकू आली असावी. हे जागच्या जागी थांबले. कुठून येतेय ते कळेना, म्हणून वळून माझ्याकडे पाहिलं.

"दूर शे," मी म्हणाले. "चाला."

आणि हे चालायला लागले.