भाऊजींचा बोलका पट्टा

आमच्या घरात सरकार म्हणजे माझी मुलगी. तेव्हा ती पाच महिन्यांची होती, आणि तिनं नुसतं नाक मुरडलं तरी सगळं घर उभं राहायचं. हे नाव सासूबाईंनी ठेवलं. त्यांनी माझंही एक नाव ठेवलं होतं, पण ते माझ्या पाठीमागे चालायचं: पहारेकरीण. त्यात खोटं काही नव्हतं. सरकार झोपलं की मी त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. थर्मामीटरनं ताप नाही म्हटलं, तर त्या थर्मामीटरची खात्री करायला मी दुसरा आणून ठेवला होता. रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या बाईनं एकाच मोजणीवर कसा काय विश्वास ठेवायचा?

भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. जिभेवर साखर आणि डोक्यात सतत काहीतरी शिजत असलेलं. आधी त्यांनी पाणी शुद्ध करणारी कांडी विकली, मग पाठीचा कणा सरळ करणारी चप्पल. कांडीनं पाण्याला काहीच केलं नाही. चपलेनं एका मास्तरांचा गुडघा कामातून गेला. त्यानंतर ते घरीच होते आणि सरकार रडलं की कानांवर उशी दाबून पडायचे.

एके दुपारी त्यांनी उशी बाजूला केली. "वहिनी, हिला नक्की काय हवंय ते तुम्हाला कळतं कसं?"

"बघितलं की कळतं."

"पण बघता काय?"

"तिलाच. दुसरं काय बघणार?"

पुढे ते उशी न घेता समोरच्या खुर्चीत येऊन बसायला लागले. मला वाटलं, चला, काकाला पुतणीची माया आली.

महिन्याभरात 'उमज' जन्माला आलं. मऊ पिवळा पट्टा, त्यावर बटणाएवढा दिवा. तो बाळाच्या पोटावर बांधायचा. पोटाची थरथर, अंगाचा घाम आणि रडण्याचा सूर यांचा हिशेब लावून बाळाला काय हवंय ते पट्टा बोलून दाखवणार, असं भाऊजींनी समजावलं. पहिल्याच संध्याकाळी सरकारनं ओठ काढले, आणि मी शाल पुढे ओढते न ओढते तोच पोटावरून गोड आवाज आला: "आई, मला भूक लागली आहे."

सासूबाई भिंतीला टेकल्या. भूक खरंच लागली होती. थोड्या वेळानं पट्टा म्हणाला, "माझा लंगोट ओला झाला आहे." तोही झाला होता.

"आवाज बातम्या देणाऱ्या बाईसारखा आहे," नवरा म्हणाला.

"शुद्ध भाषेवर लोकांचा पटकन विश्वास बसतो, दादा."

सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला, हे आधी सांगून टाकते. मला हवा तो दुसरा थर्मामीटर सापडला होता. मला वाटायचं भूक, आणि पट्टाही म्हणायचा भूक. मी इतकी बरोबर असते हे मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. त्या आठवड्यात मी झोपलेल्या सरकारच्या नाकाखाली बोट धरायला चक्क विसरले.

मग गाडी सुसाट सुटली. भाऊजींनी काचेच्या इमारतीत ऑफिस घेतलं. तिथल्या खुर्च्या इतक्या मऊ होत्या, की बसलेल्या माणसाला उठून प्रश्न विचारायचा कंटाळा यावा. भिंतभर सरकारचा फोटो. खाली लिहिलेलं: 'आता बाळ बोलतं'. मासिकात मुलाखत आली. 'पुतणीच्या अश्रूंनी माझी झोप उडवली,' असं त्यात भाऊजी म्हणाले होते. उशीचा उल्लेख नव्हता. पैसेवाली माणसं पट्टा बघायला यायची तेव्हा सरकारला घेऊन मी जायची. प्रत्येक वेळी पट्टा अचूक. कोटातली माणसं एकमेकांकडे बघून भुवया उंच करायची, आणि भाऊजी एक हात खिशात घालून विनयानं मान खाली घालायचे.

विकलेल्या पट्ट्यांच्या तक्रारी यायला लागल्या, तेव्हा भाऊजी फोनवर मधाळ आवाजात सांगायचे, "ताई, पट्ट्याला तुमच्या बाळाची ओळख व्हायला वेळ लागतो हो. माणसालाही लागतोच की."

मला खटकली ती वेगळीच गोष्ट. कार्यक्रम चालू असताना भाऊजी बाळाकडे बघायचेच नाहीत. माझ्याकडे बघायचे. टक लावून. दीर आपल्याकडे असा बघतो, हे सांगायचं तरी कोणाला? नवऱ्याला सांगून बघितलं. तो म्हणाला, "त्याला लांबचं नीट दिसत नाही, म्हणून डोळे ताणत असेल."

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी तेच केलं. आधी सरकारला सासूबाईंच्या मांडीवर देऊन स्वयंपाकघरात गेले. सरकार रडलं. पट्टा गप्प. "शिकतोय तो," बाहेरून भाऊजींचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी मी भाऊजींकडे पाठ करून बसले. लंगोट ओला असताना पट्टा भूक म्हणाला. तिसऱ्या दिवशी सरकार मांडीवर गाढ झोपलं होतं. समोरच्या खुर्चीत भाऊजी, एक हात खिशात. मी हळूच शाल पुढे ओढली.

"आई, मला भूक लागली आहे," झोपलेलं सरकार म्हणालं.

मी ओल्या लंगोटाचा वास आल्यासारखं नाक जरासं मुरडलं. "माझा लंगोट ओला झाला आहे." मी थोपटायला हात उचलला. "मला झोप येत आहे." मग मात्र माझ्या अंगात आलं. शाल, नाक, थोपटणं, परत नाक, परत शाल. सरकारला एका दमात भूक लागली, ओलं झालं, झोप आली आणि पुन्हा भूक लागली. सरकार स्वतः तोंड उघडं टाकून घोरत होतं. भाऊजींच्या खिशातला अंगठा घामानं भिजला असणार.

"गुणाची पोर," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. "झोपेतसुद्धा सांगते."

मी भाऊजींना स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. "खिशात काय आहे?"

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. बोटाएवढा रिमोट काढून दाखवला. चार बटणं. "वहिनी, तुम्हाला स्वतःला माहीत नाही तुम्ही काय चीज आहात. हिनं तोंड उघडायच्या आधी तुमचे हात बोलतात. मी फक्त भाषांतर करतो."

"म्हणजे पट्ट्यात काही नाही?"

"बॅटरी आहे. आवाज आहे. सध्यापुरत्या मशीन तुम्ही आहात. पुढच्या पट्ट्यात खरं मशीन बसवू."

"आणि लोकांच्या घरातले पट्टे?"

"ते घड्याळ बघून बोलतात. बाळाच्या बाबतीत भूक म्हटलं की बहुतेक वेळा खरंच ठरतं. मी अभ्यास केलाय."

"मी सगळ्यांना सांगणार आहे."

भाऊजींनी माझ्याकडे खरोखरच्या मायेनं बघितलं. "सांगा की. पण थर्मामीटरला थर्मामीटर लावणाऱ्या बाईचं ऐकणार कोण?"

कोणी ऐकलं नाही. नवरा म्हणाला, "तुझी झोप होत नाहीये." सासूबाई म्हणाल्या, "एवढं घराचं नाव झालं, तर हिला त्यातही खोट दिसते." तरी मी एवढ्यावर गप्प बसले असते की काय, सांगता येत नाही. पण त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिचे दिवस भरत आले होते.

"ताई, ऐकलंस का? आमच्या इस्पितळात सगळ्या नवीन बाळांना तुझ्या दिराचा पट्टा बांधणार आहेत. रात्रीच्या नर्सबाई कमी करणार, एकच ठेवणार. बाळच सांगणार म्हटल्यावर कशाला हव्यात ना? किती गं हुशार तुमचे भाऊजी."

मला ते डोळ्यांसमोर दिसायला लागलं. माझ्या बहिणीचं बाळ, एका खोलीभर बाळांमध्ये, पोटावर घड्याळ बांधलेलं. ते कशानंही रडो, पट्टा म्हणणार भूक लागली आहे, आणि ते ऐकायला माणूस जागेवर असेलच असं नाही.

करार व्हायच्या आधी इस्पितळाच्या सभागृहात एक प्रयोग दाखवायचा होता. "मी येणार नाही," मी भाऊजींना म्हटलं.

"काही हरकत नाही. दुसरी आई आणीन. हात बोलत नाहीत अशी आई मला तरी अजून भेटलेली नाही."

म्हणून मी गेले. जाताना ठरवून गेले की हात हलवायचे नाहीत. भाऊजींना माझे हात वाचता यायचे. डोक्यात काय चाललंय ते वाचायला ते अजून शिकले नव्हते.

सभागृहात पहिल्या रांगेत इस्पितळाचे व्यवस्थापक, त्यांच्या शेजारी बालविभागाच्या डॉक्टरबाई. मागे पांढऱ्या कपड्यांत नर्सबाई, हाताची घडी घालून. त्यांच्या नोकऱ्यांचं काय होणार ते त्यांना कळलेलं होतं. एका कडेला सासूबाई, ठेवणीतले कपडे घालून. मंचावर मी, मांडीवर सरकार, बाजूला टेबल, आणि टेबलाशेजारी एक हात खिशात घातलेले भाऊजी.

सरकारनं वेळ साधली. आधी ओठ, मग हनुवटीला थरथर, मग भोकाड. मी दोन्ही हात मांडीखाली सारले आणि व्यवस्थापकांकडे बघून हसले.

पट्टा गप्प.

"ऐकतोय तो," भाऊजी म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. छताला पंखे होते. मी त्यांची पाती मोजायला लागले. सरकारचा आवाज वर चढला. त्या रडण्याचा अर्थ मला पहिल्या हुंदक्यालाच कळला होता. मांडीखाली माझ्या हातांना मुंग्या आल्या. पोटच्या पोरीला रडू देऊन हसत बसणं काय असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत.

"वहिनी," भाऊजी दात न उघडता म्हणाले, "जरा घ्या तिला."

"घेतलीय की," मी म्हटलं. "पट्टा काय म्हणतो?"

मागून एका नर्सबाईंना खोकला आला. तो खोकला नव्हता. भाऊजींच्या कपाळावर घाम फुटला. शेवटी त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर बटण दाबलं.

"मला झोप येत आहे," पट्टा म्हणाला. सरकार लालबुंद होऊन किंचाळत होतं.

"झोप कसली डोंबलाची," सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "अरे, भूक लागलीय तिला. तुझ्या यंत्राचे कान फुटलेत का? आणि तू गं, दगडासारखी काय बसलीस?"

आणि मी हरले. मोजून काढलेली सगळी पाती विसरले, हात बाहेर काढले. आडवा येणारा पट्टा सोडून टेबलावर टाकला, सरकारला उराशी धरलं आणि शाल पुढे ओढली. आता भाऊजी म्हणतील, बघा, भूकच होती, आवाजात जरा बिघाड झाला. लोक मान डोलावतील, सह्या होतील, आणि बहिणीच्या बाळाला हेच पिवळं काहीतरी बांधतील. मला रडू यायला लागलं.

"आई, मला भूक लागली आहे," टेबल म्हणालं.

सगळं सभागृह टेबलाकडे बघायला लागलं. तिथे पट्टा एकटाच पडला होता, दिवा लुकलुकत. भाऊजींनीही वळून टेबलाकडे बघितलं, कोणी हे केलं असेल अशा चेहऱ्यानं. मग त्यांनी स्वतःच्या खिशाकडे बघितलं. इतके महिने माझी शाल हलली की त्यांचा अंगठा हलत आला होता. आता तो त्यांना विचारायला थांबत नव्हता.

हसायला सुरुवात नर्सबाईंनी केली. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्या मंचावर आल्या, पट्टा उचलला आणि भाऊजींसमोर तळहात पसरला, शाळेत वर्गात गोट्या खेळणाऱ्या पोरासमोर बाई पसरतात तसा. "खिशातलं द्या."

भाऊजींनी दिलं. डॉक्टरबाईंनी चारही बटणं एकेक करून दाबली. पट्टा चारही वाक्यं शुद्ध भाषेत बोलला. व्यवस्थापकांनी आपली पेनं गोळा केली.

काचेच्या इमारतीतल्या खुर्च्या उचलून नेल्या तेव्हा त्यांतून उठायला कोणालाही कंटाळा आला नाही. पट्टे परत आले. आमच्या व्हरांड्यात खोक्यांची भिंत उभी राहिली आणि सरकारचा फोटो त्यावर उलटा चिकटून राहिला. कोटातल्या माणसांनी खटला भरला. भाऊजी आता चौकीवर हजेरी लावून येतात. तिथल्या हवालदारांनाही काहीतरी दाखवत असावेत, कारण परत येताना खुशीत असतात. सासूबाई मला पहारेकरीण म्हणायच्या थांबल्या नाहीत, पण आता तोंडावर म्हणतात.

बहिणीला मुलगा झाला. मी बघायला गेले तेव्हा ते बाळ जीव खाऊन रडत होतं. "ताई, का रडतोय गं हा?" तिनं घाबरून विचारलं. मी बराच वेळ बघितलं. मला काहीसुद्धा कळलं नाही. हे बाळ माझं नव्हतं. तेवढ्यात नर्सबाई आल्या, त्यांनी त्याला उचललं, लंगोट बघितला, पाठ चोळली, पालथं केलं, बोट चोखायला दिलं. एकेक करून बघत राहिल्या. शेवटी त्यानं एक मोठी ढेकर दिली आणि ते गप्प झालं. पलीकडच्या खाटेवरून दुसरं बाळ रडलं, तशा एक दुसऱ्या नर्सबाई उठून तिकडे गेल्या.

भाऊजी दारात उभे होते. नको म्हटलं तरी आले होते, फुलं घेऊन. त्यांचं लक्ष बाळाकडे नव्हतं. बहिणीच्या हातांकडे होतं.

"वहिनी," ते माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "ही डावखुरी आहे. वाचायला अवघड जाणार."

मी फुलं घेतली, त्यांना दाराबाहेर ढकललं आणि पडदा ओढला.