मंगळवारचा देवदूत

बिरागो मावशींच्या मधुमेहाच्या गोळ्या त्यांना परत मिळाल्या, प्रेषितांचा देवदूत ओळखला गेला आणि क्वाबेनाचं लग्न आणखी लांबलं. यातलं काहीही घडलेलं नाही, असा ठराव कुमासी शहरातल्या त्या सामायिक अंगणाच्या घरात बिनविरोध मंजूर झाला. तेव्हा, न घडलेली हकिगत अशी.

रविवारी सकाळी घराच्या पुढच्या मोठ्या खोलीत, प्रेषित म्हणवणाऱ्या धर्मगुरूंच्या प्रार्थनेला मुंगी शिरायला जागा नव्हती. ढोल टिपेला पोचले होते. भिंतीवरच्या त्यांच्या मुक्या टीव्हीवर गाण्याचे शब्द सरकत होते. मधेच शब्द गेले आणि पडदाभर एक पांढरीफटक आकृती उभी राहिली. पांढरं वस्त्र, पांढरा चेहरा. तिने ओठ हलवले, दोन्ही हातांनी काहीतरी दूर लोटलं, गुडघे टेकले आणि ती नाहीशी झाली. पुन्हा आली, पुन्हा गेली. असं तीनदा.

लोक आडवे झाले. प्रेषितही क्षणभर गांगरले. पण धंद्यात मुरलेला माणूस, लगेच सावरला.

"पाहिलंत? हात कसे लोटले? काय लोटलं, सांगा बरं."

उत्तर त्यांनीच दिलं.

"औषधं. दूत म्हणतो, मी असताना गोळी म्हणजे माझा अपमान. टोपली फिरवा रे. आणि मंतरलेलं तेल दाराशी आहे, मोठ्या बाटलीवर छोटी फुकट. हे दूताने सांगितलेलं नाही, ही माझी माया."

बिरागो मावशींनी कमरेच्या गाठीतून गोळ्यांचं पाकीट काढून टोपलीत टाकलं.

त्या वेळी मागच्या खोलीत त्यांचा भाचा क्वाबेना स्वतःच्या टीव्हीला थपडा मारत होता. पोट दुखतंय असं सांगून तो प्रार्थनेला गेला नव्हता. पोट ठणठणीत होतं. त्याच्याशी लग्न ठरलेली सेर्वा बोलणं टाकून बसली होती आणि तिची माफी कशी मागावी याची तालीम त्याने मोबाइलवर चित्रित केली होती. आंघोळ करून, छातीला-तोंडाला पावडर थापून, पांढरा टॉवेल गुंडाळून, मोबाइल जमिनीवर टेकवून. आपण पुरेसे पश्चात्तापी दिसतो का, हे मोठ्या पडद्यावर बघावं म्हणून त्याने ते टीव्हीला पाठवलं. टीव्ही काळाच. पुन्हा पाठवलं. तिसऱ्यांदा पाठवलं तेव्हा पुढून आरोळी आली. त्याने खिडकीतून डोकावलं आणि भिंतीवर स्वतःला गुडघे टेकताना पाहिलं.

घरात वायफाय एकच, मालकाचं. मंगळवारी जन्मला तो क्वाबेना, हा तिथला रिवाज, आणि प्रेषितही मंगळवारचेच. दोघांनी हौसेने आपापल्या टीव्हीला स्वतःचं नाव दिलेलं. मोबाइलने दोन क्वाबेना दाखवले; याने तिन्ही वेळा भलत्यावर बोट ठेवलं.

तो परत येऊन पांघरूण घेऊन पडला. आता पोट खरंच दुखत होतं.

"मावशी, तो मी होतो," संध्याकाळी तो म्हणाला.

"कोण?"

"देवदूत."

मावशींनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "देवदूत देखणा होता."

"पावडर होती."

"पावडरीने एवढा फरक पडत असता तर सेर्वा गेली असती का? जा, झोप."

मोबाइल खिशातच होता. दाखवला असता तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. पण मग शब्दही ऐकवावे लागले असते. क्वाबेना जाऊन झोपला.

मंगळवारी दोघं फुफू, म्हणजे जेवणासाठी उकडलेल्या कंदांचा गोळा, कुटायला अंगणात आली. तो उभ्याने मुसळ मारी आणि दोन घावांमध्ये मावशी उखळात हात घालून गोळा उलटत. तो मुसळ उचलण्याएवढा झाला तेव्हापासून हा ताल कधी चुकला नव्हता. मावशी दिवसभर घटाघटा पाणी पीत होत्या. डोळ्यांपुढे धूसर दिसतंय म्हणजे दूत जवळ आलाय, असं सांगत होत्या. मुसळ खाली आलं आणि मावशींचा हात उखळातच होता. क्वाबेनाने सगळा जोर लावून घाव बाजूला वळवला. उखळाच्या कडेचा टवका उडाला.

मावशी बोटांकडे बघत राहिल्या. "मला वाटलं, काढला होता."

बुधवारच्या प्रार्थनेत क्वाबेना उभा राहिला. "देवदूत पुन्हा येतोय. या खेपेला आवाज वाढवा."

प्रेषित हसले. "बाळा, दूत कुणाच्या हुकमाने येत नसतो."

क्वाबेनाने मोबाइल सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि बोट टेकवलं. दूत आला. लोक गुडघ्यांवर जाऊ लागले. आवाज वाढवला तो गाणाऱ्यांत उभ्या असलेल्या सेर्वाने.

"सेर्वा," देवदूत म्हणाला, "मी बदललोय. सामन्यांवर पैजा लावणं सोडलं, पार सोडलं." इथे त्याने हात लोटले. "तुझ्या आईला बोकड म्हणालो ते रागाच्या भरात. आता माझ्याकडे टीव्ही आहे. परत ये." त्याने गुडघे टेकले. हुंदका आला. "थांब, हे नीट नाही झालं. पुन्हा घेतो."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. गुडघ्यांवरची माणसं जमिनीवर काहीतरी सांडल्यासारखी शोधत बसली. क्वाबेनाचे कान तापले होते, तरी त्याने दूताला पुन्हा घालवला, पुन्हा आणला. "मोबाइलमधलं वायफायवरून टीव्हीवर जातं. एवढंच. टीव्ही दोन, नाव एक, म्हणून मी चुकून इथे आलो. साखर उतरवायची ताकद यात नाही. माझ्यात तर नाहीच."

"मी 'दूत' म्हणालो होतो, 'देवदूत' नाही," प्रेषित म्हणाले. "संदेश तर आलाच की."

"माझी आई बोकड, हा संदेश?" सेर्वाने विचारलं. प्रेषितांना एकदम तेलाच्या बाटल्या आवरायची आठवण झाली.

मावशी उठल्या. टोपलीतलं एकेक पाकीट डोळ्यांपाशी धरून त्यांनी आपलं शोधलं. मग बाकीचेही उठले, एकमेकांकडे न बघता. क्वाबेना मावशींना तडक दवाखान्यात घेऊन निघाला. वाटेत त्या म्हणाल्या, "म्हणजे रविवारी तुझं पोट दुखत नव्हतं."

"नाही, मावशी."

"चला, एकाला तरी गुण आला."

लाजेने कुणी मरत नाही. पण लाजेपायी मिटलेल्या तोंडाने दुसऱ्याचा हात जायची वेळ येते. तेव्हा पडद्यावर दूत दिसला तर आधी आवाज वाढवा. मग तो कुणाच्या मोबाइलमधून निघाला ते शोधा. आणि गोळी सोडायची की नाही, हे ती देणाऱ्या डॉक्टरलाच विचारा.

काही न घडल्याचा ठराव झाल्यावर घराने नगरपालिकेला एक अर्ज मात्र धाडला: आठवड्याचे वार सातच असल्याने एका घरात एकाच नावाचे अनेक टीव्ही होऊन देवदूत चुकीच्या पत्त्यावर जाण्याचा संभव आहे. तरी वारांची संख्या तातडीने वाढवून मिळावी, ही नम्र विनंती.