खरवडलेलं हसू

तांबं महाग, त्यामुळे पॅरिसातला कुठलाही चित्रं छापणारा कोरलेला पत्रा फेकून देत नाही. राज्य बदललं की नको त्या रेघा खरवडायच्या, मागून हातोडीने ठोकून खळगा वर आणायचा, घोटायचा आणि त्याच जागी नवं कोरायचं. बाझीरने तेच केलं होतं. एकवीस वर्षांपूर्वी, क्रांतीच्या दिवसांत, पदच्युत राणीची मान गिलोटिनखाली उडवली त्याच आठवड्यात त्याने विकलेल्या चित्रात जल्लाद तिचं मुंडकं केसांनी धरून गर्दीला दाखवत होता. आता राणीचा दीर गादीवर बसल्यावर मुंडकं परत धडावर आलं होतं आणि जल्लादाला पंख फुटले होते. त्याच मुठीत आता स्वर्गीय मुकुट होता.

"देवदूताचे दंड मात्र खाटकाचेच राहिलेत," पेरीन म्हणाली.

पेरीन छापलेल्या चित्रांत रंग भरायची. साठी उलटली होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. निळा कुठला नि हिरवा कुठला, हे ती बशीच्या जागेवरून ओळखायची. चित्रातल्या गर्दीत पुढे उभी राहून तोंड वासून हसणारी बाई तीच. त्या दिवशी चौकात ती खरोखर हसली होती आणि बाझीरने तिला समोर बसवून, पुन्हा हसायला लावून ते कोरलं होतं. आता त्याने तिचे ओठ मिटवले होते आणि गालांवर आसवं काढली होती.

"बघ, तुलाही धुऊन काढलं."

"मालक, ओकारी येतेय मला."

"ओक, पण बाहेर जाऊन. कागद ओले आहेत. आणि ऐक, आज मादाम द व्हालकूर येताहेत. त्यांच्या वृद्धाश्रमात एक जागा आहे, राणीसाठी रडलेल्या गरीब बाईसाठी. मी तुझं नाव दिलंय."

मरेपर्यंत पाव, सूप, पेटती चूल, स्वच्छ चादर. आणखी वर्षभरात डोळे गेले की पेरीनला रस्त्याशिवाय काही नव्हतं. तिच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि सुटलं म्हणून तिला स्वतःचीच किळस आली.

मादाम आल्या, चित्र पाहून विरघळल्या. त्यांनी पेरीनचे रंगाने बरबटलेले हात हातात घेतले.

"किती सोसलंत हो, बाई! सांगा ना, कशी दिसत होती आमची राणी?"

"बैलगाडीसारख्या उघड्या गाडीतून आणली, मादाम. हात मागे बांधलेले."

"करकचून?"

"हो. केस कापलेले, पांढरे झालेले. सदतिशीची बाई, पण म्हातारी दिसत होती."

"अरेरे! मग? पातं पडलं तेव्हा? रक्त फार आलं का हो?"

मादामचे डोळे पाणावले होते, पण त्या पुढे सरकून बसल्या होत्या आणि त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. पेरीनला जवळचं एवढं अजून दिसत होतं. असेच ओठ त्या दिवशी चौकभर होते. रडायला सांगितलं असतं तर ती रडली असती, नाटक तिने पाठही केलं होतं. पण हे असं चाटूनपुसून खाणं तिला बघवेना.

"मग मी हसले," ती म्हणाली. "पिसं उपटलेली कोंबडी बघा, असं ओरडले. पहाटेच गेले होते पुढची जागा धरायला, पाव नि चीज बांधून. तुम्ही आत्ता ऐकताय ना, तितक्याच चवीनं बघितलं मी सगळं."

मादामनी हात असे सोडले की जणू उंदीर धरला होता. रुमाल काढून एकेक बोट पुसलं.

"म्हातारी भ्रमिष्ट झालीय, मादाम," बाझीर घाईने म्हणाला.

पेरीनला वाटलं, आता चित्र फाटणार, शिपाई येणार. मादामनी मात्र चित्र नीट गुंडाळून काखेत घेतलं.

"रविवारी समितीला नाव द्यायचंय मला," त्या बाझीरला म्हणाल्या. "दुसरी कुणी रडलेली मिळेल?"

"माझी मेहुणी, मादाम. ढसाढसा रडली होती."

त्या सालात मेहुणी रुआँला होती. पॅरिस तिने पाहिलंसुद्धा नव्हतं. पेरीनने कुंचला खाली ठेवला, शाल घेतली आणि दाराकडे चाचपडत निघाली. मागे मादाम विचारत होत्या, "त्यांनी जवळून पाहिलं होतं ना?"